परळ केंद्रातल्या सहा सारख्या चुका

"अठराही जणांचे निकाल रोखा," दामले साहेब म्हणाले. "कारण लिहू नका."

"कारण आहे ना, साहेब. पेपर फुटलाय."

"म्हणूनच लिहू नका."

माझा साडेतीन पानांचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर होता. मीच लिहिलेला, मीच टाइप केलेला. शेवटच्या वाक्याखाली रेघही मीच मारली होती. 'परळ केंद्रातील या अठरा उमेदवारांना अपात्र ठरवण्यात यावे.' साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि रिपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवला.

मी गिरगावातल्या एका शिक्षणसंस्थेच्या परीक्षा विभागात स्टॅटिस्टिकल असिस्टंट आहे. संस्थेचं एक ट्रेनिंग कॉलेज आहे, तिथं प्राथमिक शिक्षक तयार होतात. दर वर्षी चाळीस जणांना फी माफ असते आणि वर महिन्याला विद्यावेतन मिळतं. या चाळीस जागांसाठी परीक्षा घेतली जाते. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेल्या, पंचवीस वर्षांच्या आतल्या कुणालाही बसता येतं. केंद्रं चार आहेत. गिरगाव, दादर, परळ आणि भायखळा.

दामले साहेब विलायतेत शिकून आले आणि त्यांनी परीक्षेतला निबंध काढून टाकला. आता शंभर प्रश्न असतात. प्रत्येकाखाली चार उत्तरं, अ, ब, क, ड. जे पटेल त्यावर खूण करायची. याला ऑब्जेक्टिव्ह पेपर म्हणतात. तपासायला मास्तर लागत नाहीत. एका पुठ्ठ्याला बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडलेली असतात. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या. त्या पुठ्ठ्याला आम्ही 'की' म्हणतो.

प्रश्न मी पाहिलेले नव्हते. तसा नियमच होता. प्रश्नपत्रिका साहेबांच्या लोखंडी कपाटात आणि किल्ली साहेबांच्या खिशात. माझ्यापर्यंत यायची ती उत्तरपत्रिका, म्हणजे नुसती अक्षरं. आकडेमोड करणाऱ्याला प्रश्न ठाऊक असले की तो आकडे सोडून मतं मांडायला लागतो, असं साहेबांचं म्हणणं. मला ते शास्त्रीय वाटायचं.

निकालाआधी मी एक तक्ता करते. आडवे शंभर प्रश्न, उभी चार केंद्रं. कोणत्या केंद्रात कोणत्या प्रश्नाला किती जणांनी अ लिहिलं, किती जणांनी ब. कंटाळवाणं काम आहे. त्यातून कोणता प्रश्न फार सोपा झाला, कोणता फार अवघड, एवढं कळतं. या वर्षी त्यातून भलतंच कळलं. सहा प्रश्नांना परळची माणसं बाकीच्या तीन केंद्रांपेक्षा निराळी चुकली होती. आणि सगळी एकाच प्रकारे चुकली होती.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. दोन हुशार उमेदवारांची बरोबर उत्तरं सारखी येणारच. बरोबर उत्तर एकच असतं. त्यावरून कुणी कुणाचं पाहिलं हे ठरत नाही. चुकीचं तसं नाही. प्रत्येक प्रश्नात चुकायच्या तीन वाटा असतात. एकमेकांशी संबंध नसलेली दोन माणसं चुकली, तर कधी एका वाटेनं जातील, कधी वेगळ्या. दहा प्रश्नांत दोघं चुकले आणि दहाही वेळा एकाच वाटेनं गेले, तर संबंध शोधावा लागतो. थोडक्यात, कॉपी पकडायची तर बरोबर उत्तरं बाजूला ठेवायची आणि चुका वाचायच्या.

मी परळचा गठ्ठा काढला. त्या सहा प्रश्नांना त्याच सहा चुका करणारे पेपर वेगळे केले. अठरा निघाले. सहाच्या सहा चुका सारख्या. आसन क्रमांक पाहिले, तर हे अठरा जण दोन वर्गांत विखरून बसले होते. शेजारच्याचं पाहून एवढं साधत नाही. म्हणजे परीक्षेआधीच कुणीतरी त्यांना उत्तरं दिली होती आणि देणाऱ्याला स्वतःलाच सहा प्रश्न येत नव्हते. चुकांसकट फुटलेला पेपर. माझा निष्कर्ष असा होता आणि मला त्यात एकही फट दिसत नव्हती.

मला राग आला होता, हेही सांगायला हवं. मी लालबागची. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. त्या आठवड्यात रोज सकाळी ट्राम पकडायच्या आधी मी चाळीचाळींतून संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटत होते. मुंबई श्रमिकांची आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. त्यातली काही वाक्यं माझी होती. गिरणगावाला नावं ठेवणाऱ्यांची या शहरात कमतरता नाही. त्यांच्या हातात आपल्याच माणसांनी कोलीत द्यावं, हे मला सहन झालं नाही. म्हणून मी रिपोर्ट कडक लिहिला. परकं केंद्र असतं तर कदाचित एक पान कमी लिहिलं असतं.

पाचव्या दिवशी वत्सला गावस ऑफिसात आली. अठरांपैकी एक, रोल नंबर अठ्ठेचाळीस. चाळीस जणांची यादी अजून लागायची होती, पण मार्कांचं पत्र इतरांना आलं, तिला आलं नाही, म्हणून विचारायला. ती परळच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात होती. तिथं बायका सूत गुंडाळण्याचं काम करतात. पहिली पाळी करून थेट आली होती. केसांत कापसाचं तूस होतं.

"रोखलाय म्हणजे काय, बाई? नापास?"

"नापास नाही. रोखलाय."

"मग पास?"

"चौकशी चालू आहे."

"कसली?"

"ते सांगता येत नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही परबांच्या ना? लालबागच्या? तुमचे बापूस साच्यांत आहेत. माझा भाऊ त्यांच्याच लायनीत."

मी हो म्हणाले. नाही म्हणणं शक्य नव्हतं.

"मग आपल्याच आहात. सांगा की. मला पुढच्या महिन्यात पंचविसावं सरतं. पुढच्या वर्षी फॉर्म घेणार नाहीत. हे गेलं तर मी जन्मभर वायंडिंगला."

मी नियम सांगितला. तिनं तो ऐकून घेतला. मग म्हणाली, "नकाशाच्या प्रश्नांवरनं रोखलाय काय? ते आम्ही ठरवून केलंय. आमच्या सगळ्या वर्गानं."

"कसला वर्ग?"

"आमचा अभ्यासाचा. चाळीच्या व्यायामशाळेत भरतो. ज्याची पाळी सुटेल तो येतो. सतरा जण आहोत. सगळे बसलो परीक्षेला."

"काय ठरवलंत?"

"बेळगाव कुठल्या राज्यात विचारलं तर महाराष्ट्रात म्हणून लिहायचं. कारवार विचारलं तरी. मुंबई कुणाची राजधानी विचारलं तरी."

"पण बेळगाव सध्या म्हैसूर राज्यात आहे."

"ठाऊक आहे हो. शिकवायला जाणार आम्ही. एवढं ठाऊक नसेल?"

"मग मार्क जातात."

"जाऊ देत. आमच्या हातानं नाही लिहिणार." हे ती कुठंही आवाज न चढवता बोलली. भाजीचा भाव सांगावा तशी.

ती गेल्यावर मला दोन गोष्टी टोचल्या. एक, ती सतरा म्हणाली होती आणि माझ्याकडे अठरा होते. दोन, ज्या सहा प्रश्नांवर मी सतरा माणसांना चोर ठरवलं, त्यांतला एकही मी वाचलेला नव्हता.

मी साहेबांकडे गेले आणि कपाट उघडायला सांगितलं.

"नियम काय आहे, मिस परब?"

"नियम मोडायचा नसेल तर तुम्ही वाचा. मी ऐकते."

त्यांनी चष्मा पुसला. हा युक्तिवाद त्यांना आवडला नव्हता, पण त्यात चूक सापडली नसावी. त्यांनी कपाट उघडलं. माझ्या सहा प्रश्नांपैकी तीन वत्सलाने सांगितलेलेच होते. बेळगाव, कारवार, मुंबई. उरलेले तीन साहेबांनी वाचून दाखवले.

"प्रश्न बावीस. खालीलपैकी सर्वांत जाड सूत कोणते? वीस नंबर, चाळीस नंबर, साठ नंबर, ऐंशी नंबर. तुमच्या अठरांनी वीस लिहिलंय. बरोबर उत्तर ऐंशी."

"बरोबर उत्तर वीस आहे, साहेब."

"कीमध्ये ऐंशी आहे."

"नंबर वाढला की सूत बारीक होतं. आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं."

मी खाली उतरले. रस्त्यापलीकडे शिंप्याच्या सामानाचं दुकान होतं. तिथून वीस नंबरचं एक रीळ आणि ऐंशी नंबरचं एक रीळ आणलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी दोन्ही धागे चिमटीत धरून पाहिले. मग डावा उजव्या हातात घेऊन परत पाहिले.

"हा प्रश्न कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"आपण, साहेब."

"हं." त्यांनी पुढचा वाचला. "प्रश्न चव्वेचाळीस. एक कामगार मंगळवारी रात्री बारा वाजता कामावर जातो व सात तास काम करतो. त्याचे काम कोणत्या वारी संपते? उत्तर बुधवार. यांनी मंगळवार लिहिलंय. आता यात कसलं सूत?"

"यात पाळी आहे. तिसरी पाळी मंगळवारची म्हणून चढली की सकाळी सुटेपर्यंत मंगळवारच. हजेरी मंगळवारची पडते. माझे वडील बुधवारी सकाळी घरी येऊन जेवतात ते मंगळवारचं रात्रीचं जेवण."

"पंचांगाप्रमाणे तरी—"

"पंचांग गिरणीच्या गेटवर लावत नाहीत."

हे मी जरा जोरात बोलले. साहेबांनी तिसरा प्रश्न वाचला. एका खोलीत एका वेळी चार माणसे झोपू शकतात, तर बारा माणसांना झोपण्यास किती खोल्या लागतील? उत्तर तीन. अठराही जणांनी 'एक' लिहिलं होतं.

"हे तरी सरळ गणित आहे ना?" साहेब म्हणाले. "बाराला चारने भागायचं."

"एका वेळी, असं लिहिलंय तुम्ही."

"मग?"

"चार जण पहिल्या पाळीला जातात, चार दुसऱ्या, चार तिसऱ्या. बारा माणसांना एक खोली पुरते. अशा खोल्या मी तुम्हाला दाखवू शकते. करी रोडला उतरलं की पाच मिनिटांवर."

साहेब दादरच्या हिंदू कॉलनीत राहत. तिथून करी रोड दोन मैल असेल.

त्या दुपारी दोन निर्णय झाले. सुताच्या प्रश्नाची की बदलायची. पाळीचा आणि खोलीचा प्रश्न चारही केंद्रांत कुणासाठीच धरायचे नाहीत. तिसरा निर्णय मात्र अडला. बेळगाव, कारवार, मुंबई.

"हे त्यांनी आधी ठरवून लिहिलं," साहेब म्हणाले. "म्हणजे संगनमत. नियम सातप्रमाणे अपात्र."

मी नियमावली आणली. नियम सात असा होता: 'लाभ मिळवण्याच्या हेतूने उमेदवारांनी आपसांत संगनमत करून उत्तरे लिहिल्यास.'

"लाभ कुठला, साहेब? तीन मार्क गेले प्रत्येकाचे."

"मार्क घालवण्यासाठी कुणी संगनमत करतं का?"

"यांनी केलं."

"मग ते नियमात बसत नाही."

"तेच म्हणतेय मी. बसत नाही."

साहेबांनी डोकं धरलं. सतरा माणसांनी एकत्र येऊन स्वतःचं नुकसान केलं, तर त्यांना काय म्हणायचं याचा रकाना आमच्याकडे नव्हता. गांभीर्याने दोन दिवस विचार झाला. शेवटी ठरलं की हा गैरप्रकार नाही. तेव्हा मी हिंमत करून म्हणाले की मग ते तीन मार्क त्यांना द्यावेत. त्यांनी अज्ञानाने लिहिलेलं नाही.

"नाही," साहेब म्हणाले.

"का?"

"ते मार्क त्यांनी जाणूनबुजून सोडलेत. मी परत दिले तर त्यांनी काय केलं असं होईल? काहीच नाही. असा अपमान मी करणार नाही."

मी भांडायच्या तयारीने गेले होते. नियमावली उचलून परत आले.

मी गठ्ठा परत तपासला. ते सहा प्रश्न वगळून. सतरा जणांच्या राहिलेल्या चुका चारी दिशांना पांगलेल्या होत्या, इतर कुणाच्याही असतात तशा. एक जोडी सोडून. रोल नंबर अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास. दोघंही चुकले असे प्रश्न तेरा होते. त्यांतल्या बारा प्रश्नांना दोघांनी एकच चुकीची खूण केली होती. एकोणपन्नास मागच्या बाकावर होता. अठ्ठेचाळीस म्हणजे वत्सला गावस.

एकोणपन्नास हा व्यायामशाळेतल्या वर्गातला नव्हता. गिरगावचा होता. फॉर्म उशिरा आल्यामुळे त्याला परळ केंद्र मिळालं होतं. अठरावा माणूस सापडला. त्याचं नाव लिहीत नाही. तो आता एका विमा कंपनीत आहे आणि चांगलं काम करतो असं ऐकते.

मी साहेबांना कागद दाखवला. न दाखवण्याचा विचार माझ्या मनात आला नाही, असं म्हणणार नाही. आला. पण पंधरा दिवसांपूर्वी मी ज्या मोजपट्टीने अठरांना मोजलं, ती आता दोघांसाठी गुंडाळून ठेवता येत नव्हती.

"बारा," साहेब म्हणाले. "आता यात पाळी नाही, सूत नाही?"

"नाही."

"मग दोघंही जातील. नियम आठ. घेणारा आणि देणारा."

"कुणी कुणाचं पाहिलं हे कळल्याशिवाय?"

"तुमचं गणित सांगतं का ते?"

"नाही." हे खरं होतं. गणित एवढंच सांगतं की या दोन कागदांचा संबंध आहे. कोण पुढे, कोण मागे, ते सांगत नाही. आणि मागच्याला पुढच्याचं दिसतं हे खरं असलं, तरी पुढच्याने कागद तिरका करून दाखवला नाही, हे कुणी सांगावं?

"मग सगळ्या अठरांना बोलवा," मी म्हणाले. "प्रत्येकाला त्याच्याच चुकलेल्या प्रश्नांतले पाच प्रश्न विचारा. चुकलाय असं सांगू नका. नुसतं विचारा."

"दोन महिने झाले. कुणाला आठवणार?"

"आठवायची गरजच नाही. चूक स्वतःची असेल तर माणूस परत तिथंच चुकेल."

साहेबांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. त्यांना विलायतेच्या पुस्तकांत ते मिळालं नसावं.

तीन दिवस चौकशी चालली. पाळ्या बघून वेळा द्याव्या लागल्या. पहिला आला तो सखाराम जाधव, वरळीच्या चाळीतला, वीस वर्षांचा. वर्गात गणित शिकवणारा तोच. साहेबांनी न राहवून त्याला खोलीचाच प्रश्न विचारला, जो आता धरायचाच नव्हता.

"एक खोली," जाधव म्हणाला.

"बारा माणसं?"

"आमच्याकडे तेरा आहेत, साहेब. तेराव्याला कॉमन गॅलरी. चटई थंड होत नाही आमच्याकडे."

साहेबांनी मग ठरलेले पाच प्रश्न विचारले. जाधव आपल्या बाकीच्या चुका व्यवस्थित परत चुकला आणि गेला. मागून आलेले पंधराही जण असेच. एकाने एक चूक सुधारली. साहेबांनी कारण विचारलं. तो म्हणाला, परीक्षेनंतर वाचलं.

वत्सला शेवटून दुसरी आली.

"वटवाघूळ हा कोण?" साहेबांनी विचारलं. "पक्षी, कीटक, सस्तन प्राणी की सरडा?"

"पक्षी."

"का?"

"उडतं ना. उंदीर उडलेला मी तरी पाहिला नाही."

"क्षयरोग कशाने होतो?"

"तुसानं."

"जंतूंमुळे, असंही एक उत्तर आहे."

"आहे, वाचलं मी. पण जंतू कुणी बघितलेत? तूस मी रोज गिळते. आमच्या खात्यात चौघींना झाला. चौघी तुसातल्याच." ती माझ्याकडे वळली. "चुकलं का बाई?"

चुकलंय असं सांगायचं नाही, हे ठरलेलं होतं. तिने पाचपैकी पाच प्रश्नांना जुनीच उत्तरं दिली. शेवटी साहेबांनी विचारलं, "तुमच्या मागे बसलेला उमेदवार तुमचं बघत होता?"

"मागचं कसं ठाऊक असणार, साहेब? एकदा त्यानं बाक हलवला. मी म्हटलं, हलवू नको रे, लिहिताना हात हलतो. तेवढंच."

मग एकोणपन्नास आला. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ मराठी. साहेबांनी वटवाघूळ विचारलं.

"सस्तन प्राणी," तो लगेच म्हणाला.

"क्षयरोग?"

"जंतूंमुळे. अर्थात."

"तुमच्या कागदावर पक्षी आणि तूस आहे."

त्याने कागद पाहिला. "घाईत झालं असेल."

"बेळगाव कोणत्या राज्यात?"

"म्हैसूर." मग त्याला काहीतरी आठवलं. "म्हणजे, कागदावर महाराष्ट्र असेल. ते मी मुद्दाम लिहिलं. मी आंदोलनातला आहे."

"छान," साहेब म्हणाले. "आणि वटवाघळाबाबत आंदोलनाची भूमिका काय आहे?"

मी हसू लपवायला खाली बघितलं. साहेबांनी आणखी तीन प्रश्न विचारले. तिन्ही त्याने बरोबर सांगितले. पाचांपैकी एकही चूक त्याला परत करता आली नाही. त्याला खरोखर बरंच येत होतं. त्याला फक्त स्वतःच्या उत्तरांचा भरवसा नव्हता. त्यापेक्षा पुढच्या बाकावर न थांबता चाललेल्या हाताचा भरवसा वाटला असावा.

त्याचा पेपर रद्द झाला. वत्सलाचा राहिला; तिने मुद्दाम दाखवलं, याला काही आधार निघाला नाही.

निकाल नव्याने लावला तेव्हा एक गोष्ट दिसली, ती मी साहेबांना आधी सांगितली आणि मग यादीवर सही घेतली. दुरुस्त केलेल्या कीने एकोणपन्नासला वत्सलापेक्षा एक मार्क जास्त पडत होता. एका प्रश्नात त्याने स्वतःचं डोकं चालवलं होतं. त्या एका मार्काने तो चाळिसावा आला असता आणि ती एकेचाळिसावी. तिचीच उत्तरं, त्याच्या नावाने, तिच्या वर जाऊन बसली असती आणि जागा चाळीसच होत्या.

"म्हणजे त्याला काढल्यामुळे ती आत आली," साहेब म्हणाले.

"हो."

"तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"नाही. पण लोक विचारतील, म्हणून आत्ताच सांगतेय. माझा पहिला रिपोर्टही फाइलला लावा. त्यात मी तिला अपात्र ठरवलंय."

साहेबांनी ड्रॉवर उघडला आणि रिपोर्ट काढून फाइलला लावला. माझी रेघ तशीच होती.

सतरांपैकी नऊ जण यादीत आले. जाधव आला नाही. तो दोन मार्कांनी हुकला. नकाशाचे तीन मार्क धरले असते तर आला असता. हे त्याला पत्राने कळवू नये असं मला वाटलं, म्हणून मी व्यायामशाळेत गेले. तो फळ्यावर कुणालातरी त्रैराशिक शिकवत होता. मी सगळं सांगितलं, दोन मार्कांचं आणि तीन मार्कांचं.

"पुढच्या वर्षी परत हेच विचारणार का?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही."

"विचारलंत तर मी परत तेच लिहिणार. तोवर महाराष्ट्राचं राज्य झालं तर बरं. मार्क वाचतील." आणि तो फळ्याकडे वळला.

वत्सला जूनपासून ट्रेनिंग कॉलेजात जाते. पहिल्याच आठवड्यात तिने प्राणिशास्त्राच्या मास्तरांना वटवाघळाचा पुरावा मागितला, अशी तक्रार आमच्याकडे आली. साहेबांनी ती वाचली आणि 'पाहिले' असा शेरा मारला.

ऑफिसात दोन बदल झाले. कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे आली. आणि भूगोलाच्या प्रश्नांतून राज्यांच्या सीमा काढून टाकल्या. साहेबांच्या हुकुमात कारण लिहिलंय, 'विषय सध्या स्थिर नाही.'

मी माझ्यापुरता एक धडा घेतला. बरोबर उत्तर कुणाचंही घेता येतं. चूक मात्र कारणासकट घ्यावी लागते आणि कारण शेजारच्या बाकावरून दिसत नाही. ते गिरगावातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या तक्त्यातही दिसत नाही. यंदापासून संशयित पेपरांच्या फॉर्मवर मी एक ओळ छापून घेतली आहे: 'उमेदवारास विचारले काय? होय / नाही.' 'नाही'वर खूण असेल तर मी फॉर्म परत पाठवते.